पत्र्यावरचे दगड

21 मार्च 2024, गुरुवार. सकाळचे सहा वाजून आठ मिनिटं झाली होती, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी नांदेडच्या आमच्या घरात गॅसपाशी उभी राहून चहात साखर टाकत होते. आधी आवाज आला. खालून, लांबून, एखादा भरलेला ट्रक गल्लीत शिरावा तसा. मग मांडणीतली ताटं एकमेकांवर वाजली. पुढचं मला काही ठरवावं लागलं नाही. हातात चमचा तसाच आणि मी रस्त्यावर. गॅस बंद केल्याचं मला आठवत नाही, पण यांनी नंतर जाऊन पाहिलं तर तो बंद होता.

गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली होती. कुणी टॉवेलवर, कुणी तोंडात ब्रश. ‘घर हालायलं की हो,’ एवढंच जो तो दुसऱ्याला सांगत होता. पहिला धक्का होऊन माणसं आत जायला लागली तोच, अकरा मिनिटांनी, दुसरा बसला. तो हलका होता, पण त्याने सगळ्यांना पुन्हा रस्त्यावर आणलं आणि आठ वाजेपर्यंत कुणी आत गेलं नाही. फोनवर आकडे आले : पहिला 4.5, दुसरा 3.6, केंद्र हिंगोली जिल्ह्यात. नांदेड, परभणी, हिंगोली, तिन्हीकडे जाणवला. भिंतींना कुठे कुठे तडे गेले, जीव कुणाचा गेला नाही.

प्रशासनाने त्या दिवशी लोकांना जे सांगितलं त्यात एक गोष्ट अशी होती : ज्यांची घरं पत्र्याची आहेत आणि पत्रे उडू नयेत म्हणून ज्यांनी वर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड उतरवून घ्यावेत.

ते ऐकलं आणि मी पायरीवर बसले. शेजारच्या वहिनींना वाटलं मला चक्कर आली. चक्कर नव्हती. एवढं एक वाक्य आमच्या गावात 1993च्या उन्हाळ्यात कुणी येऊन सांगितलं असतं तर, एवढंच मनात आलं.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. किल्लारीहून चालत गेलं तर सकाळी निघून जेवणवेळेला पोचावं एवढ्यावर. आमचं घर दगडाचं, पाच खणांचं. भिंती एवढ्या रुंद की देवळीत हात घातला तर कोपरापर्यंत आत जायचा. दगड बाहेरून घडीव, आतून घडीव, आणि मधे भरताड : बारके दगड आणि माती. चुना नाही, सिमेंट नाही. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर सर, वर फळ्या, आणि फळ्यांवर माती. हे माळवद. उन्हाळ्यात बाहेर भट्टी पेटलेली असली तरी आत गारवा असायचा. आमच्याकडे पाव्हणे आले की दुपारी घोंगडं टाकून खाली निजायचे आणि म्हणायचे, असलं घर आता कुणी बांधत नाही.

माळवद गळू नये म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी त्यावर पांढरी माती टाकावी लागे. ही माती गावाच्या जुन्या पांढरीतून आणायची. चिकट, पाणी न पिणारी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, शिडीने वर. माय खाली पाट्या भरायची, मी आणि माझा धाकटा भाऊ वर नेऊन ओतायचो, अप्पा ती पसरून चोपायचे. जुनी माती काढायची पद्धत नव्हती. गेल्या वर्षीच्या थरावर यंदाचा थर. माझ्या आज्ज्याच्या आधीपासूनचे थर त्यात असतील. पावसाचे चार थेंब पडले की त्या मातीचा वास खाली स्वयंपाकघरात यायचा आणि माय म्हणायची, आता बसली बघ माती.

लग्न होऊन मी नांदेडला आले होते, पण 1993च्या मे महिन्यात माहेरी होते. लेक चार महिन्यांची होती. तिला आज्जीच्या मांडीवर ठेवून मीही सात-आठ पाट्या वर नेल्या. माय नको म्हणत होती, ओल्या बाळंतिणीसारखीच तू अजून, असं म्हणत होती. मीच ऐकलं नाही. ही गोष्ट मी फार कमी लोकांना सांगितली आहे.

तसं पाहिलं तर जमिनीने आम्हाला आधी कळवलं होतं. आदल्या वर्षी, 1992 साली, पावसाळ्याच्या शेवटी त्या भागात जमिनीतून आवाज यायला लागले होते. ऑक्टोबरात चांगले धक्के बसले. किल्लारीत भिंती तडकल्या. आमच्या गावातही लोक अंगणात, खळ्यावर, रस्त्याच्या कडेला झोपायला लागले. महिना-दीड महिना असा गेला. मग थंडी पडली. ज्वारी पोटऱ्यात आली, राखणीची कामं सुरू झाली, आवाज कमी झाले. एकेक करून माणसं आत गेली. घर सोडून माणूस किती दिवस बाहेर निजणार? पण आज्जीने त्या वर्षी एक हट्ट केला होता. अंगणात गोठ्याच्या बाजूने कुडाच्या भिंतीवर पत्रे टाकून एक पडवी करून घेतली. लेकुरवाळ्या बाया आणि बारकी लेकरं पडवीत निजतील, असा तिचा हुकूम. अप्पा म्हणाले, दगडी घर असताना कुडात झोपायचं? आज्जी म्हणाली, ‘दगड लई झाला म्हणूनच.’

महालक्ष्म्यांना मी लेकीला घेऊन परत माहेरी आले आणि गणपती बुडवून जा म्हणून मायने थांबवून घेतलं. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. गावात एकच गणपती, मारुतीच्या पारावर. मिरवणूक संपून पोरं परत आली तेव्हा एक वाजून गेला होता. धाकटा अकरावीला होता. केसांत, कानांत, भुवयांत गुलाल. माय म्हणाली अंग धू, तो म्हणाला सकाळी. आज्जीच्या पायाशी बाज होती, तिच्यावर तसाच आडवा झाला. आज्जी स्वतः मात्र कधी पडवीत निजली नाही. देवघराच्या खणात, तिच्या जागेवर. मी, माय आणि लेक पडवीत.

चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी होती. आवाज आणि हिसका एकदमच आले. मला उचलून आपटलं. झुलणं, डुलणं असं काही नव्हतं. खालून कुणीतरी पहारीने ढुशी मारावी तसं. पडवीचे पत्रे कडकडले, कुड माझ्या अंगावर आला आणि तसाच कलता राहिला. कुड म्हणजे तुऱ्हाट्या आणि शेण. मी तो पाठीने ढकलला आणि लेकीला घेऊन बाहेर पडले. पौर्णिमेच्या आदल्या रात्रीचं चांदणं असायला हवं होतं. काही दिसत नव्हतं. तोंडात माती, डोळ्यांत माती. आपलं गाव कुठल्या बाजूला आहे तेच कळेना. आवाज थांबल्यावर जी शांतता पडली ती किती वेळ होती कुणास ठाऊक. मग एक बाई ओरडली आणि मग सगळं गाव.

धूळ बसली तेव्हा समोर घर नव्हतं. खांब दोन-तीन उभे होते, त्यांच्या टोकावर तुळई तिरपी, आणि बाकी नुसता ढीग. वर दगड, खाली पांढरी माती. अप्पा ढेलजेत झोपले होते, त्यांना चौकटीने धरलं. पाय मोडला, जीव वाचला. त्यांना आम्ही दोघींनी ओढून काढलं. मग मी हाताने माती उकरायला लागले. पहार नव्हती, खोरं नव्हतं, सगळं त्याच ढिगाखाली. गावाच्या कडेला ज्यांची छपराची, कुडाची घरं होती ती माणसं सगळ्यात आधी धावून आली, कारण त्यांची घरं उभी होती. ज्यांना आमच्या घरात ढेलजेच्या आत यायची मुभा नव्हती, त्यांनी आमचं देवघर उकरलं.

उजाडल्यावर धाकटा सापडला. त्याच्या अंगावर जखम नव्हती. एवढा मोठा दगडी घराचा ढीग, आणि त्याला एक दगड लागला नव्हता. बाजेवर तुळई आडवी पडल्याने दगड अडले होते. माती अडली नव्हती. नाक, तोंड, कान पांढऱ्या मातीने भरले होते. मी पदराने पुसायला गेले तर कानाच्या पाळीमागे गुलाल तसाच ओला होता. आज्जी दुपारी सापडली.

ती माती मी ओळखत होते. हे कसं सांगू? त्यात चुनखडीचे बारके खडे असायचे, ते चोपताना अप्पांच्या पायाला टोचायचे. तेच खडे माझ्या भावाच्या तोंडात होते.

पुढचं जगाला ठाऊक आहे. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन जिल्हे. किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ, राजेगाव, होळी, लिंबाळा, चिंचोली, पेठसांगवी. बावन्न गावं भुईसपाट झाली. आठ ते दहा हजार माणसं गेली. मग पाऊस लागला आणि दोन-तीन दिवस सगळा चिखल. लष्कराचे जवान आले. सरणाला लाकूड कुठून आणणार? घरांच्या तुळया आणि खांब होते, तेच रचले. आमच्या घरातला सागवानी खांब, ज्याला धरून मी चालायला शिकले असं माय सांगायची, तो धाकट्याच्या आणि आज्जीच्या सरणात गेला.

6.2चा भूकंप होता. जगात एवढे भूकंप होतच असतात, आणि कित्येकदा त्यांत माणूस जात नाही, हे मला फार उशिरा समजलं. तेव्हा वाटायचं, पृथ्वीने आमच्यावरच एवढा राग का काढला? मराठवाडा म्हणजे दख्खनचा कातळ, इथे काही होत नाही, असं सगळेच धरून चालले होते. सरकारी नकाशातही आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. पुढे नकाशा बदलला, तो पहिला पट्टाच काढून टाकला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीजवळ खोल विंधण घेतलं, तेव्हा 338 मीटरवर काळा बेसाल्ट संपला आणि त्याखाली, मधल्या पातळ गाळाच्या थरानंतर, फार जुना खडक लागला. त्या जुन्या खडकात जुन्या भेगा. भारताची सगळी जमीन उत्तरेला हिमालयाकडे ढकलली जाते आहे, वर्षाला पाचेक सेंटिमीटर. तो दाब इथवर पोचतो आणि एखाद्या भेगेत साठून राहतो. मला हे समजून घ्यायचं होतं. रागाची जागा भरायला काहीतरी लागतं.

पुनर्वसनाचं मी थोडक्यात सांगते, कारण मी तेव्हा नांदेडला होते आणि माय-अप्पांनी ते सोसलं. नव्या जागी गाव वसलं, रुंद सरळ रस्ते, एकसारखी घरं. जमिनीच्या हिशेबाने अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फूट. आम्हाला चारशेचं मिळालं. स्लॅबचं घर, पट्टे घातलेलं, चांगलं मजबूत. माय त्यात एक रात्र झोपली नाही. धान्य, ट्रंका, देव आत. माय-अप्पा दारासमोर उभ्या केलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. गावात निम्म्या घरांची तीच तऱ्हा होती. बाहेरून आलेली माणसं म्हणायची, एवढी पक्की घरं दिली तरी यांना किंमत नाही. किंमत होती. स्लॅब डोक्यावर असतो आणि तो कशाने धरलाय हे दिसत नाही, एवढंच मायचं म्हणणं. पत्रा पडला तरी कानफटात बसेल, मरणार नाही.

माझ्या आत्याचं गाव पूर्ण पडलं नव्हतं. अशा गावांत घरं तिथल्या तिथे दुरुस्त करायची योजना होती, आणि लोकांशी बोलायला गावातल्याच महिला मंडळातल्या बायका नेमल्या होत्या. ‘संवाद सहायक’ म्हणत त्यांना. आत्या सातवी शिकलेली, ती झाली. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या बायकांबरोबर बैठका घ्यायची. गवंड्यांबरोबर घरोघरी फिरून तिला सांगावं लागे : माळवदाची माती उतरवा, पत्रे टाका. भिंतीत आरपार जाणारे दगड घाला, म्हणजे आतली आणि बाहेरची बाजू एकमेकीला धरून राहील. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपं लाकूड ठोका. बाप्ये म्हणायचे, माती काढली तर उन्हाळ्यात मरायचं का आम्ही? आत्या म्हणायची, उन्हाळ्यात घाम येईल, मरण नाही येणार. तिचं स्वतःचं माळवद तिने आधी उतरवलं. किती माती निघाली असेल? पाच खणांच्या घरावरून बावीस बैलगाड्या. तिने मोजल्या होत्या. एवढं ओझं आपल्या डोक्यावर धरून आपण चार पिढ्या जेवलो, झोपलो, बाळंत झालो, असं ती म्हणाली आणि मग मला जवळ घेऊन बसली. मी सात-आठ पाट्या नेल्याचं मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, ‘बाई, त्या बावीस गाड्यांत तुझ्या आठ पाट्या कुठं शोधतीस.’

नांदेडनेही मला निवांत राहू दिलं नाही. 2007च्या दिवाळीच्या सुमारास शहरात जमिनीतून आवाज यायला लागले. श्रीनगर, विवेकनगर या बाजूला जास्त. धक्के बारके, मोठ्यातला मोठा तीनच्या आसपास, पण आवाज सुरुंगासारखे. विद्यापीठाची माणसं, हैदराबादचे शास्त्रज्ञ यंत्रं घेऊन आले. लोक गच्चीवर, मैदानात झोपले. किल्लारीच्या आधीही असंच झालं होतं, या एका वाक्याने माझी झोप गेली. ते वर्ष आणि पुढची काही वर्षं आमच्या घरात पलंगाच्या वर पंख्याखेरीज काही नसायचं. पोटमाळ्यावरचं सगळं खाली आणलं. उशाशी बॅटरी, पायाशी चप्पल. 2022 साली निलंगा तालुक्यातल्या हासोरीत असे आवाज सुरू झाले तेव्हा तिथल्या एका ओळखीच्या बाईंचा मला फोन आला, ताई, काय करू? मी सांगितलं, वर काय आहे ते बघा आणि उतरवा. बाकी मला काही येत नाही.

आता सेंदाईचं सांगते. पडवीतली ती लेक मोठी झाली, लग्न होऊन जपानला गेली. जावई सेंदाईला नोकरीला. कोविडच्या आदल्या हिवाळ्यात मी तिच्या बाळंतपणाला गेले. डिंकाचे लाडू, शेपा, बाळंतकाढ्याचं सामान, सगळं बॅगेत. नातू बारा दिवसांचा होता. संध्याकाळी मी त्याला मालिश करून दुपट्यात गुंडाळत होते. आधी खिडकीच्या काचा बारीक थरथरल्या. मी हात थांबवला. मोजून पाच-सात सेकंद गेले असतील आणि मग घर डुलायला लागलं, होडीसारखं, सावकाश. वरचा दिवा झोके घेऊ लागला. मी नातवाला उचललं आणि दाराकडे धावले. कडीला हात घातला तेवढ्यात लेकीने मला मागून धरलं.

‘आई, बाहेर नको. टेबलाखाली ये.’

मी म्हणाले, सोड मला. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ती बाळंतीण, अंगात ताकद नाही, पण तिने माझ्या कमरेला जी मिठी मारली ती सोडली नाही. ‘आई, इथलं घर पडत नाही. बाहेर काचा पडतात, तारा पडतात. बस खाली.’ आम्ही तिघं टेबलाखाली बसलो. माझे पाय दाराकडे ओढत होते. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

थांबलं. तिने टीव्ही लावला. दीड-दोन मिनिटांत पडद्यावर नकाशा आला, कुठे किती हललं त्याचे गावागावांवर आकडे. सेंदाईवर तीन. समुद्रात, किनाऱ्यापासून लांब, पाचाच्या वर आणि सहाच्या आत असा तो भूकंप होता. खाली एक ओळ सरकत होती. लेकीने ती वाचून सांगितली : या भूकंपामुळे त्सुनामीची भीती नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बाई दारात आल्या, त्यांनीही लेकीला हाताने खूण करून तेच विचारलं असावं, समुद्राचं. 11 मार्च 2011चा 9.0चा भूकंप आणि त्यानंतरची लाट त्यांनी याच गावात पाहिली होती; सेंदाईचा विमानतळ तेव्हा पाण्याखाली गेला होता. ती ओळ कळल्यावर त्या वाकून नमस्कार करून परत गेल्या. आम्ही हललं की आढ्याकडे बघतो, त्या समुद्राकडे बघतात.

जावई रात्री घरी आला तेव्हा मी त्याला सगळं विचारलं. तो कागदावर काढून सांगत गेला. पूर्वेला समुद्राच्या तळाशी खोल चर आहे. तिथे पॅसिफिकची जमीन जपानच्या जमिनीखाली शिरते, वर्षाला आठेक सेंटिमीटर. शिरताना अडकते, सुटते. सुटली की भूकंप. केंद्र लांब आणि खोल, म्हणून आधी बारकी लाट पोचते, काचा थरथरतात, आणि मोठी, डुलवणारी लाट मागून येते. म्हणून त्या पाच-सात सेकंदांची उसंत मिळाली. मी म्हणाले, आम्हाला नाही मिळाली. तो जरा थांबला आणि म्हणाला, किल्लारीचा उगम जवळजवळ तुमच्या पायाखाली होता आई, जेमतेम काही किलोमीटर खोल. दोन्ही लाटा जवळजवळ एकदमच आल्या असणार.

मी लेकीकडे पाहिलं. तिला त्या रात्रीचं काही आठवत नाही, आठ-नऊ महिन्यांची होती. बाहेर पळ हे तिला मी शिकवलं होतं, लहानपणी, दहा वेळा, वीस वेळा. ते तिने मोडून टाकलं होतं आणि मला बरं वाटत होतं. तिच्या घरात मी फिरून पाहिलं. कपाटाच्या माथ्यापासून छतापर्यंत टेकवलेल्या सळ्या, कपाट पुढे येऊ नये म्हणून. पलंगाच्या वर फोटो नाही, फळी नाही. वरच्या फडताळात हलक्या वस्तू, खाली जड. माझंच घर, नीट विचार करून लावलेलं.

तर मार्च 2024मध्ये, दगड उतरवा हे ऐकून मी पायरीवर बसले होते. आमच्या घरामागे पत्र्याच्या घरांची ओळ आहे. बांधकामावर जाणारी, भांडी घासायला जाणारी माणसं, बरीचशी लातूर-हिंगोलीकडून आलेली. प्रत्येक पत्र्यावर दगड, विटा, जुने टायर, एकावर तर मोडक्या जात्याचा तळ. मी उठले आणि मागे गेले. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी तिथेच राहतात. त्यांच्या पत्र्यावर नऊ दगड होते. त्यांचा मुलगा वर चढला, मी खालून एकेक दाखवत गेले. तो म्हणाला, काकू, मग वारं आलं की पत्रे जातील. मी म्हणाले, तारेने आवळू. ती तार आणायचं त्या दिवशी राहून गेलं. मी आणते म्हणाले आणि आणली नाही, ही माझी चूक.

वळवाच्या वाऱ्यात दोन पत्रे उडाले. मावशींनी दगड पुन्हा वर ठेवले, यावेळी बारा. मला सांगितलं नाही. 10 जुलैला सकाळी सव्वासातच्या आत, 7:14ला, पुन्हा 4.5चा धक्का बसला, पुन्हा हिंगोलीकडूनच. मी रस्त्यावर आले आणि तशीच मागे धावले. मावशींच्या पत्र्यावरचा एक दगड घसरून न्हाणीच्या दगडावर पडला होता. पाच मिनिटं आधी तिथे त्यांची नात केस धूत बसली होती. मावशी काही बोलत नव्हत्या. त्यांच्या हातात त्या पोरीचा तांब्या होता.

त्याच दिवशी दुकान उघडल्याबरोबर मी हूकचे बोल्ट, वायसर आणि जाड तार घेऊन आले. मावशींच्या मुलाने आणि यांनी मिळून पत्र्याला भोकं पाडली, खालच्या अँगलला हूक अडकवले, वरून रबरी वायसर घालून नट आवळले. सोळा बोल्ट लागले. दुपारपर्यंत शेजारच्या तीन घरांतली माणसं बघायला आली, संध्याकाळी त्यांनीही आणले. बारा दगड खाली आले. मी एकेक उचलून पाहिला. कुठला पाच किलो, कुठला दहा. एक चपटा, रुंद दगड होता, तो नळापाशी ठेवला.

22 ऑक्टोबरला सकाळी सात वाजायला आले होते, तेव्हा आणखी एक बसला, 3.8चा. मी बाहेर आले, मागे गेले. पत्रे थोडे वाजले होते म्हणे. मावशींची नात त्या चपट्या दगडावर बसून दात घासत होती. समोरच्या बादलीतलं पाणी अजून कडेला लागत होतं आणि ती ब्रश तोंडात धरून त्याच्याकडे बघत होती.